पहिला ट्रॅक्टर घेताना: मुंबईत राहून गावची थोडी शेती सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपला राहतो. शेत माणगाव तालुक्यात, सव्वातीन एकर, त्यातलं बहुतेक भात. हे प्रश्न मला बहुधा रविवारी रात्री येतात. माणूस शुक्रवारी गावाला जातो, भावाशी किंवा वडिलांशी बोलणं होतं, परतीच्या गाडीत डोक्यात ट्रॅक्टर फिरायला लागतो. विचारणारे लालबागचे, मुलुंडचे, बोरिवलीचे. जमिनी रायगड-रत्नागिरीपासून शहापूर, जुन्नर, साताऱ्यापर्यंत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची अडीच एकर जमीन आहे. ट्रॅक्टर घ्यावा की भाड्याने आणावा?

एकर मोजू नका, तास मोजा. साधारण २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटरने (मागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं अवजार) तासाला अर्धा एकर उरकतो. म्हणजे एका एकराच्या एका पाळीला दोन तास. भाताची उखळणी (पहिली नांगरट), दोन वेळा चिखलणी आणि मागून वालासाठी एक पाळी अशा चार पाळ्या धरल्या तर अडीच एकराला वीस तास. खत, पेंढा, लाकूड ओढण्याचे आणखी वीस-पंचवीस. वर्षाचे झाले ४५ तास.

आता खर्च. समजा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून सव्वापाच लाखांना पडले आणि दहा वर्षांनी दोन लाखांना गेले. घट वर्षाला ३२-३३ हजार, गुंतलेल्या पैशाचं व्याज २५ हजार, विमा-सर्व्हिसिंग-ऑइल १० हजार. एकूण ६८ हजार, भागिले ४५. तासाला दीड हजार रुपये झाले, डिझेल आणि ड्रायव्हर वेगळा. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घालून बघा आणि गावात ताशी भाडं काय चाललंय त्याच्याशी ताडून पाहा. बहुतेकांचा हिशोब इथेच संपतो.

तरी लोक घेतात, आणि सगळेच वेडे नसतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला, रोप तयार आहे, गावात ट्रॅक्टर दोन आणि तुमचा नंबर अकरावा. त्या आठ दिवसांत रोपाचं वय उलटतं. वेळेवर न येणारं भाडं किती महाग पडतं हे ज्याचं त्याला माहीत. दर वर्षी तीच गत होत असेल तर घ्या. नसेल तर भाडं बरं.

२. किती एचपीचा घ्यावा?

खाचरं पाच-दहा गुंठ्यांची, भात आणि मागून कडधान्य: १५ ते २४ एचपी पुरे. आंबा-काजूची बाग, त्यात ब्लोअरने फवारणी करायची: २४ ते ३०, आणि फोर व्हील ड्राइव्ह (प्रश्न ६). देशावरची काळी जमीन, खोल नांगरट, ऊस: तिथे मिनीचं काम नाही. त्याचं वजनच पाऊण ते एक टन. काळ्या रानात नांगर रुतला की चाकं जागच्या जागी फिरतात. तिथे ४० च्या पुढेच जावं लागतं, आणि मग दोन-तीन एकरांसाठी ते परवडत नाही म्हणून भाड्याने नांगरून घ्यायचं आणि आंतरमशागतीला हवा तर मिनी ठेवायचा. जुन्नरकडचे पुष्कळ जण असंच करतात.

शेजाऱ्यापेक्षा पाच एचपी जास्त हवेत म्हणून घेणारेही भेटतात. त्यांना माझं उत्तर नसतं.

३. माहितीपत्रकात दोन एचपी लिहिलेले असतात. खरा कुठला?

दोन्ही खरे. एक इंजिनाचा, दुसरा पीटीओचा, म्हणजे मागच्या ज्या दांड्यावर रोटाव्हेटर फिरतो तिथे पोचणारा. गिअरमधून जाताना काही ताकद खर्च होते, त्यामुळे पीटीओचा आकडा इंजिनाच्या साधारण ८५-९० टक्के असतो. रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, मळणी यंत्र निवडताना पीटीओचाच आकडा बघा. ढोबळमानाने १५-२० ला तीन फुटी, २५-३० ला चार फुटी, ३५-४० ला पाच फुटी रोटाव्हेटर. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या होताना इंजिनाच्या किती होतात तेही विचारा; जितक्या कमी, तितकं डिझेल आणि आवाज कमी.

४. रस्त्यापासून शेतापर्यंत वाट अरुंद आहे. चालेल का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मी तर विचारलाच नव्हता.

आमचा पहिला ट्रॅक्टर जुना, चाळीस एचपीच्या आसपासचा. स्वस्तात मिळतोय म्हणून भावाने फोन केला, मी ऑफिसातूनच हो म्हटलं. आमच्या खाचरात जायला दोन जांभ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) वाट आहे, सहा फुटांची, आणि मध्ये काटकोनात वळते. ट्रॅक्टर कसाबसा गेला. पाच फुटी रोटाव्हेटर त्याच्या चौकटीसकट सहा फुटांच्या जवळ जातो, तो वळणावर गडग्यात बसला. शेजारच्या काकांनी चार चिरे काढू दिले म्हणून सुटलो. पुढचे दोन हंगाम दर वेळी रोटाव्हेटर रस्त्यावर सोडायचा, बैलगाडीवर टाकून आत न्यायचा, शेतात पुन्हा जोडायचा. तिसऱ्या वर्षी विकला.

म्हणून शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन गावाला जा. वाटेची सगळ्यात अरुंद जागा, बेड्याची (कुंपणाच्या फाटकाची) रुंदी, वळण, साकवावरून जायचं असेल तर तो किती वजन पेलतो, आणि बाग असेल तर सगळ्यात खालच्या फांदीची उंची. मिनी ट्रॅक्टर साधारण तीन ते चार फूट रुंद असतात, चाळीसचा साडेपाच-सहा. बागेसाठी सायलेन्सर खालून असलेला आणि मागची संरक्षक कमान दुमडणारी मिळते का ते बघा. वाट दुसऱ्याच्या सातबाऱ्यातून जात असेल तर टेपआधी त्या माणसाकडे चहाला जा.

५. पॉवर टिलर घ्यावा की मिनी ट्रॅक्टर?

खाचरं लहान, एकाखाली एक उतरंडीची, मध्ये दोन-तीन फुटांची मेर (बांध) असेल तर पॉवर टिलर. १२-१५ एचपीचा टिलर चिखलणीत अप्रतिम चालतो, कोपऱ्यात वळतो, किंमत मिनीच्या निम्म्याच्या आसपास. पण त्याच्यामागे माणूस दिवसभर चिखलात चालतो, हातांना हादरे बसतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला दोन दिवसांनी खांदा धरतो. चालवणारा वडीलधारा असेल तर जमीन टिलरची असली तरी विचार करा. ओझं ओढायचं काम जास्त असेल तर मिनी.

६. फोर व्हील ड्राइव्हला पन्नास-साठ हजार जास्त का द्यावेत?

चिखलणी करायची असेल किंवा जमीन उताराची असेल तर द्या. टू व्हीलचं पुढचं चाक चिखलात नुसतं ढकललं जातं आणि रुततं; फोर व्हीलचं पुढचं चाक स्वतः ओढतं. कोरडी, सपाट जमीन असेल तर ते पैसे अवजाराला ठेवा. भातासाठी आणखी दोन गोष्टी: तेलात बुडालेले ब्रेक, कारण कोरड्या ब्रेकमध्ये चिखल गेला की ते धरत नाहीत, आणि ॲक्सलची सीलं चांगली. मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लावली की रुतणं कमी होतं, पण ती लावून डांबरी रस्त्यावर यायचं नाही.

७. कुठली कंपनी चांगली?

मुंबईकराला उत्तर सोपं वाटतं, कारण एक कारखाना आपल्या कांदिवलीतच आहे. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर कांदिवलीत तयार होऊ लागला. गावाकडे जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव अजून आहे. पण कारखाना जवळ असल्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. मिस्त्री जवळ हवा.

लहान ट्रॅक्टरमध्ये महिंद्र, स्वराज, कुबोटा, सोनालिका, व्हीएसटी, कॅप्टन अशी नावं आहेत आणि सगळ्यांचे चालणारे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. तालुक्याच्या बाजारात ज्याचा क्लच प्लेट, फिल्टर, सील त्याच दिवशी मिळतो आणि ज्याचा मिस्त्री फोन उचलतो, तो घ्या. चिखलणीच्या हंगामात चार दिवस बंद पडलेला ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असला तरी सारखाच.

८. ठाणे-पनवेलच्या डीलरकडे दोन हजार स्वस्त मिळतो. तिथून घेऊ का?

नको. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांनी येते, आणि तेव्हा तो डीलर तुमच्या खाचरापर्यंत माणूस पाठवणार नाही.

९. किंमत किती धरावी? दरपत्रकात काय बघावं?

साधारण १५ ते २० एचपीचा मिनी साडेतीन ते साडेचार लाख, २१ ते २८ चा फोर व्हील त्याच्या वर सहा-साडेसहा लाखांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कोणी जुनं दरपत्रक दाखवत असेल तर तारीख बघा. ‘ऑन रोड’ असा एकच आकडा घेऊ नका. मूळ किंमत, जीएसटी, नोंदणी, विमा आणि बाकीचं असं ओळीओळीने लिहून मागा. ‘बाकीचं’ काय ते विचारलं की ते कमी होतं, असा अनुभव आहे. हुक, बंपर, टॉप लिंक, टूलकिट किमतीत आहेत का तेही त्याच कागदावर.

१०. अवजारं कुठली घ्यावीत?

पहिल्या वर्षी रोटाव्हेटर आणि लहान ट्रॉली. बाकी सगळं एक हंगाम भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून. पलटी नांगर, पेरणी यंत्र, फणपाळी घेऊन अंगणात गंजवणारी घरं मी मोजू शकतो.

११. कर्ज काढायचं आहे. पगार मुंबईत, जमीन गावाला.

जमीन ज्या भागात आहे तिथल्या बँकेच्या शाखेत जा, तुमच्या पगाराच्या शाखेत नव्हे. मुंबईतल्या शाखेला सातबारा वाचायला लावणं हा वेगळाच छंद आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, पण ट्रॅक्टरची रक्कम त्याच्या वर जाते, त्यामुळे जमिनीवर बोजा चढू शकतो. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांच्या सह्या लागतील (प्रश्न १३).

डीलरच्या टेबलावर बसलेला फायनान्सवाला अर्ध्या तासात कर्ज देतो. त्याचा व्याजदर आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क लिहून घ्या आणि बँकेशी ताडा. शेतीचे हप्ते सहामाही ठेवता येतात, पण तुमचा पगार महिन्याचा आहे. मासिक हप्त्याने व्याज कमी जातं.

१२. आधारवर पत्ता मुंबईचा आहे. अनुदान मिळेल का?

अनुदान तुम्ही राहता कुठे यावर नाही, तुमच्या नावावर शेतजमीन आहे की नाही यावर. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करायचा. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत, पण दोन्हीला रुपयांत कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात तीच लागू पडते. मर्यादा किती ते अर्ज करताना पोर्टलवर बघा.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: पूर्वसंमती येण्याआधी ट्रॅक्टर घेतला तर अनुदान गेलं. गणपतीला मुहूर्त आहे म्हणून आधी घेऊन टाकला, असे फोन मला दर वर्षी येतात. आणि पैसे मागाहून, तपासणी झाल्यावर, खात्यात येतात. आधी पूर्ण रक्कम तुमचीच लागते.

अपवाद: अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे. ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान. गटातले किमान ८० टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्या घटकातले असावे लागतात. गावाला असा गट असेल तर एकट्याने धडपडू नका.

१३. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे.

मग ट्रॅक्टर रोखीने घेता येईल, पण अनुदान आणि बँक दोन्ही अडतील. आधी तलाठ्याकडे वारस नोंद. आत्या-काकांची नावं लागणारच, ती टाळायच्या भानगडीत पडू नका. हे काम एखाद्या मे महिन्यात सगळे गावाला जमतात तेव्हाच होतं.

१४. कारचं लायसन्स आहे. ट्रॅक्टर चालवता येईल?

हो. मोटार वाहन कायद्यात हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ७५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर येतो. लायसन्स चालतं, हात बसायला मात्र एक हंगाम लागतो. ज्याला रोज चालवायचा आहे त्या माणसाचं लायसन्स आहे का ते बघा. गावातल्या पोराला किल्ली देताना हे कोणी विचारत नाही.

१५. नोंदणी मुंबईत करावी की गावाला? विमा लागतो का?

नोंदणी डीलरच करून देतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात करता येते. एमएच-०६ असो वा एमएच-४७, भाताला फरक पडत नाही. किमान तृतीय पक्ष विमा कायद्याने लागतो. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा, हे बहुतेकांना अपघातानंतर कळतं. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने दुसऱ्याच्या विटा-वाळू ओढताना काही झालं, किंवा मडगार्डवर बसलेला माणूस पडला, तर विमा कंपनी हात वर करते.

१६. जुना ट्रॅक्टर घेतला तर?

मी एकदा घेतला आणि पस्तावलो, पण तो दोष जुनेपणाचा नव्हता (प्रश्न ४). बघायला सकाळी, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा; इंजिन गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय, थंड झाल्यावर पुन्हा या. मीटरवर तास कमी आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा: झपाट्याने खाली आला तर हायड्रॉलिक गेलंय. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर चिखलातलं पाणी आत शिरलंय, तिथूनच परत फिरा.

कागद: चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी पंधरा वर्षांची असते; संपायला आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा.

१७. दोघा भावांत मिळून घेतला तर?

नाव एकाचं, पैसे दोघांचे, डिझेल वापरेल त्याचं, दुरुस्ती निम्मी-निम्मी, आणि चिखलणीत पहिला नंबर एक वर्षाआड. हे घेण्याआधी वहीत लिहा आणि दोन्ही वहिनींसमोर वाचा.

१८. गावात भाड्याने फिरवला तर हप्ता निघेल असं सगळे म्हणतात. खरं का?

निघू शकतो, पण तुम्ही भांडुपला असताना नाही. मीटरचे तास आणि वहीतले तास जुळत नाहीत, डिझेल वीस लिटर भरलं की पंधराचं काम झालेलं असतं, आणि उधारी मागायला तुम्हालाच फोन करावा लागतो, तोही चुलत मामाला. घरचा माणूस चालवणारा असेल तरच हा हिशोब धरा. तसं असेल तर मात्र प्रश्न १ मधले ४५ तास १५० होतात आणि ताशी खर्च साडेचारशेवर येतो.

पगारदारांसाठी एक कोपरा: शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर फिरवून आलेलं भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

१९. वडील सत्तरीचे आहेत, तेच चालवणार. काय सांगू?

ट्रॅक्टरवरची माणसं मुख्यतः तो उलटल्याने दगावतात. मागे कमान असलेलाच घ्या आणि कमान उभी असेल तर पट्टा लावायचाच. मेर ओलांडताना तिरकं नाही, सरळ. चढ उभा असेल तर मागच्या चाकांनी, म्हणजे रिव्हर्समध्ये चढायचं आणि पुढे तोंड करून उतरायचं, त्यामुळे पुढचा भाग उचलत नाही. डावा-उजवा ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकत्र अडकवलेले हवेत, नाहीतर एकच दाबला जाऊन ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पीटीओच्या दांड्यावरचं आवरण ‘मध्ये येतं’ म्हणून काढू नये. धोतर, टॉवेल, आईचा पदर, काहीही त्याच्याजवळ नको. नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारणं बंद. यावर आमच्या घरात भांडण झालं आहे आणि मी जिंकलेलो नाही.

२०. इलेक्ट्रिक ट्रॅक्टरसाठी थांबावं का?

सोनालिकाने २०२० च्या शेवटी आपला इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आणला, तेव्हापासून हे विचारणं सुरू आहे. आवाज नाही, डिझेल नाही, हे खरं. पण पावसाळ्यात तुमच्या वाडीतली वीज सलग किती तास टिकते, ते वडिलांना विचारा आणि मग ठरवा.

२१. आम्ही चार-चार महिने गावाला जात नाही. ट्रॅक्टर उभा राहिला तर बिघडतो का?

कोकणात नक्की बिघडतो. दमट हवेत क्लच प्लेट चिकटते आणि दिवाळीला चालू केला की गिअरच पडत नाही. उभा करताना क्लचचं पेडल दाबून आकड्यात अडकवा. आकडा नसेल तर लाकडाची पाचर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टाकी पूर्ण भरा, अर्ध्या टाकीत वाफ धरते आणि डिझेलमध्ये पाणी उतरतं. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आतून घाम येतो. छप्पर असलेली, वारा खेळणारी पडवी हवी. रोटाव्हेटरच्या पात्यांना काढलेलं जुनं ऑइल फासा. उंदीर वायरिंग खातात, तिथे भाताचं पोतं ठेवू नका. आणि घरातल्या कोणालातरी सांगा, पंधरा दिवसांनी एकदा तार जोडून वीस मिनिटं चालू करायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या आणि फोनवर कळवायचं. आमच्याकडे हे काम वहिनीकडे आहे. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, मागे इंजिनाचा आवाज असतो, म्हणून ती काय बोलते ते ऐकू येत नाही.